उतरंडीतली चांदी

भगिनींनो, स्मरणिकेसाठी यंदा काय लिहावे याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आलीच नाही. विषय मंडळानेच हाती दिला. भिशीची रक्कम नुसती फिरवीत न ठेवता तिच्यातून दरसाल थोडी चांदी घेऊन ठेवावी, अशी सूचना बैठकीत आली आणि लागलीच दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, घ्यायची तर वीटच घ्यावी. घडणावळ वाया जात नाही. दुसऱ्या तटाचे म्हणणे, नाणी घ्यावीत. अडीअडचणीला एकएक मोडता येते. कोपऱ्यात एक वयस्कर भगिनी बसल्या होत्या, त्या एवढेच म्हणाल्या, "घ्या बायांनो, पण भिंतीत ठेवू नका." त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. किल्लारीत त्या वाक्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. दर आज किती आणि उद्या किती, हे सांगणे माझे काम नव्हे. ते ज्याला नक्की कळते तो मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. परंतु वीट की नाणे हा प्रश्न आपल्या आज्यांनी आणि पणज्यांनी सोडवलेला आहे, आणि एकदा नव्हे तर चार-पाच वेळा. दरवेळी उत्तर निराळे आले. ते कसकसे आले ते सांगण्याचा हा प्रयत्न.

चांदी साठवण्याची हौस काही आजची नव्हे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी होती. नाणी क्षत्रप राजा नहपानाची. परंतु त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर त्याला जिंकणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाची चांदी वितळवण्याची तसदीदेखील जिंकणाऱ्याने घेतली नाही; मुखवट्यावर शिक्का ठोकला आणि नाणे पुन्हा बाजारात धाडले. हा साठा कोणी पुरला, का पुरला, ते आपल्याला कळत नाही. पुरणारा मनुष्य तो उकरून घ्यायला परत आला नाही, एवढे मात्र नक्की कळते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि निजामाचा रुपया वेगळा होता. त्याला हाली शिक्का म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून यंत्रावर पाडलेल्या हाली रुपयावर चारमिनारचे चित्र असे. सरहद्दीपलीकडे, म्हणजे बार्शी-सोलापूरकडे, इंग्रजांचा रुपया चाले. त्याला आपल्याकडे कलदार म्हणत. बार्शी लाईट रेल्वेची ती अरुंद गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली, लातूरची पेठ वाढली, सोळा रस्ते येऊन मिळतात ती गंजगोलाई १९१७ साली उभी राहिली, आणि कापसा-भुईमुगाच्या व्यापाराबरोबर कलदार रुपयाही घरोघर येऊ लागला. वाटेत करोडगिरीचे नाके होते, तेथे मालावर जकात द्यावी लागे. रुपये मात्र लुगड्याच्या ओच्यातून इकडून तिकडे जात.

शंभर कलदार घ्यायचे तर सुमारे ११६-११७ हाली मोजावे लागत. हा भाव कोठून आला? तेव्हाच्या बायका लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांना हे उत्तर हाताच्या तळव्यावर ठाऊक होते. कलदार रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी झाली सुमारे १०.६९ ग्रॅम. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात चांदी शेकडा ८१.८, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. या दोन आकड्यांचा भागाकार करून पाहा, ११६-११७ चाच हिशेब येतो. राजा कोणाचा, चित्र कोणाचे, याला बाजार फारसा विचारीत नव्हता. पोटात चांदी किती, हे विचारीत होता.

या दोन्ही प्रकारचे रुपये आपल्या घरांत उतरंडीच्या तळच्या मडक्यात, बळदात, नाहीतर पेवाच्या तोंडाशी पुरलेल्या तांब्यात ठेवले जात. धान्याचे मडके पुरुष उघडीत नसत; म्हणून ती जागा बाईची. त्याशिवाय जी चांदी होती ती अंगावर: वाळे, तोडे, साखळ्या, जोडवी, दंडातले कडे. आणि ज्यांच्याकडे सुगी चांगली झाली त्यांच्याकडे एखादी लगड. तेव्हा वीट हा शब्द क्वचित, लगड म्हणत. म्हणजे आज आपल्या बैठकीत जे तीन पर्याय आले तेच तीन तेव्हाही होते. आता त्यांची परीक्षा कशी झाली ते पाहा.

पहिली परीक्षा १८९३ सालची. त्यापूर्वी इंग्रजी राज्यातील कोणालाही आपली चांदी मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत नेऊन देता येई आणि थोडा खर्च वजा जाता तिचे रुपये पाडून मिळत. म्हणून तोडा काय, लगड काय आणि रुपया काय, तिघांची किंमत जवळपास सारखी. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत दागिन्यांची चांदी लोटली ती याच कारणाने. बाईने तोडा काढून दिला तरी तिच्या हाती चांदीभार रुपये पडत. परंतु १८७१ नंतर जर्मनीने आणि पाठोपाठ इतर देशांनी चांदीचे चलन सोडून सोन्याचे धरले, खाणींतून चांदी अधिक निघू लागली, आणि चांदीचा जागतिक भाव घसरत गेला. साधारण १८७२ साली लंडनला औंसाला ६० पेन्सच्या आसपास मिळणारी चांदी वीस वर्षांत ४० पेन्सच्या खाली आली. इंग्रज सरकारला विलायतेला पैसे पौंडांत पाठवायचे असत. रुपया घसरला की त्यांचा खर्च वाढे. तेव्हा २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळीचे दार लोकांच्या चांदीला बंद केले.

हा निर्णय वर्तमानपत्रांत रुक्ष अर्थशास्त्राचा म्हणून आला असेल. त्याचा परिणाम घरात असा झाला की, रुपयाला सरकारच्या शिक्क्यामुळे सोळा आणे किंमत राहिली आणि तेवढीच चांदी तोड्यात असेल तर तिला दहा आण्यांच्या आसपासही मिळेना. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. यावेळी टांकसाळ बंद होती. दागिने घेऊन सावकाराच्या ओट्यावर जावे लागले, आणि तेथे धातूचा भाव, त्यातून टंच कमी म्हणून घट, त्यातून गरजवंत म्हणून आणखी घट. ज्या बाईच्या मडक्यात कलदार होते ती त्या दुष्काळात तगली. जिच्या पायात तेवढ्याच चांदीचे वाळे होते तिला कमी ज्वारी मिळाली. सरकारने शेतसारा वाढवला असता तर सभा झाल्या असत्या. हा कर बायकांच्या हातापायांवर बसला, त्याची सभा कोठे झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

तेव्हा पहिल्या परीक्षेत नाणे पास झाले, लगड आणि दागिना नापास.

दुसरी परीक्षा पहिल्या महायुद्धात. चांदीचा भाव चढू लागला आणि इतका चढला की रुपयातील चांदी रुपयापेक्षा महाग होण्याची वेळ आली. लोक नोटा देऊन रुपये मागू लागले. १९१७ च्या अखेरीस सरकारने एक रुपयाची नोट काढली, परंतु कागदावर विश्वास कोण ठेवणार! १९१८ च्या वसंतात मुंबईत नोटा मोडून घेण्यासाठी गर्दी उसळली. तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा नावाचा कायदा करून आपल्या खजिन्यातील चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी धाडली. सातासमुद्रांपलीकडच्या कोणा देशाचे डॉलर वितळून रुपये झाले आणि ते आपल्या मडक्यांत येऊन पडले! त्याच वर्षी निजाम सरकारनेही नोटांचा कायदा करून कागदी चलन सुरू केले. फेब्रुवारी १९२० मध्ये लंडनचा भाव औंसाला साडेएकोणनव्वद पेन्सवर गेला, आणि १९३१ च्या फेब्रुवारीत १२ पेन्सवर आला. अकरा वर्षांत सातातले सहा भाग गेले. चांदी कधी बुडत नाही असे सांगणाऱ्या भगिनींनी हे दोन आकडे चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

याच काळातील एक गंमत सांगते. पाचव्या जॉर्जचा १९११ सालचा रुपया निघाला, त्यावर राजाच्या झग्यावर हत्तीचे चित्र होते. ते इतके वाईट उमटले की लोकांना डुक्कर दिसू लागले. मुसलमान समाजात त्यावरून नाराजी पसरली, आणि सरकारला तो रुपया मागे घेऊन हत्तीची सोंड सुधारावी लागली. आज हा डुक्करछाप रुपया हौशी लोक चांदीच्या भावाहून कितीतरी अधिक देऊन घेतात. माझ्याकडे तो नाही. असो.

तिसरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धाची, आणि ती सर्वांत फसवी. १९४० साली सरकारने रुपयातील चांदी बारातल्या अकरा भागांवरून निम्म्यावर आणली. वजन तेच, आकार जवळपास तोच, राजाही तोच. नुसते हातात घेऊन फरक कळत नाही. कडेच्या दात्यांमध्ये एक खाच फिरवलेली असते ती पाहावी, किंवा सन वाचावा. निजामाच्या राज्यातही युद्धकाळात हाली रुपयाची चांदी निम्म्यावर उतरली. मग सरकारने जुने चांगले रुपये ओढून घ्यायला आरंभ केला. राणीचे रुपये ३१ मार्च १९४१ नंतर, एडवर्डचे ३१ मे १९४२ नंतर, आणि दोन्ही जॉर्जांचे जुन्या चांदीचे ३१ मे १९४३ नंतर कायदेशीर चलनातून रद्द झाले. ज्यांनी हुकूम ऐकून खजिन्यात रुपये भरले त्यांना रुपयास रुपया मिळाला, म्हणजे कागद किंवा अर्धी चांदी. ज्यांच्यापर्यंत हुकूम पोहोचलाच नाही, किंवा पोहोचूनही ज्यांनी मडके उघडले नाही, त्यांच्याकडे १०.६९ ग्रॅम चांदी राहिली. आज्ञाधारकपणाचे बक्षीस इतिहासात पुष्कळदा असेच मिळते. १९४७ साली तर रुपया निकेलचा निघाला, त्यावर वाघ होता. त्यात चांदीचा कणही नाही. तरीसुद्धा आजही घरोघरी वाघाचा रुपया राणीछाप रुपयाबरोबर एकाच कापडात बांधलेला सापडतो, आणि मोडायला नेल्यावर सासू-सुनेत उगाच संशय उत्पन्न होतो.

या तिसऱ्या परीक्षेत नाण्यावरचा शिक्का नापास झाला आणि नाण्यातील धातू पास झाला. लगड तर नुसता धातूच. तिला शिक्का नव्हता म्हणून शिक्का मरण्याची भीतीही नव्हती.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. रझाकारांच्या धामधुमीत, १९४८ च्या पावसाळ्यापूर्वी, सरहद्दीपलीकडे जाणाऱ्या लोकांबरोबर घरच्या बायका-मुले सोलापूरकडे गेली, तेव्हा त्यांनी रुपये वाकळीच्या थरांत एकेक करून टाचले. रुपया रुपयावर आपटून वाजू नये म्हणून प्रत्येकाभोवती दोरा. लगड मात्र पेवात पुरून ठेवावी लागली. तीन शेरांचा गोळा उराशी घेऊन रात्री गाडीवाट चालता येत नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ असे पाच दिवस पोलिस कारवाई झाली, राज्य बदलले, मंडळी परत आली. लगड होती तेथेच होती. वाकळीतून मात्र रुपये कमी झाले होते, कारण परमुलखात चार महिने पोट त्यांच्यावरच चालले होते. आत्याबाई म्हणत, "लगड राहिली म्हणून शहाणी नव्हे गं, रुपये उपयोगी पडले म्हणून कमी झाले." इतक्या वर्षांत चांदीवर मी जे काही वाचले त्यात याहून नेमके फारसे सापडले नाही.

पुढे हाली शिक्का चलनातून गेला, १ एप्रिल १९५७ पासून आणे जाऊन नवे पैसे आले, तोळ्यामाशांच्या जागी ग्रॅम आले. १९६३ साली सोन्यावर नियंत्रण आले आणि १९६८ च्या कायद्याने घरात सोन्याची लगड किंवा बिस्किट बाळगण्यास मनाई झाली. तो कायदा १९९० पर्यंत होता. चांदीवर तसे बंधन नव्हते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आपल्यातील कित्येक जणींनी आधी काय मोडले ते आठवून पाहावे. सोने नव्हे, पायातले. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतील हंट बंधूंनी चांदी दडपून धरल्यामुळे भाव औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेला आणि २७ मार्चला एका दिवसात निम्म्याच्या आसपास कोसळून ११ डॉलरखाली आला. ती ५० डॉलरची रेघ ओलांडायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. २०११ साली जवळ जाऊन भाव परतला होता. पंचेचाळीस वर्षे! ज्या बाईने १९८० च्या जानेवारीत घेतली तिच्या नातवाचे लग्न होऊन गेले.

आणि मग १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव निजले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आपली घरे म्हणजे दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंड आणि चोराला अभेद्य म्हणून आम्ही त्यांचे कौतुक करीत असू. त्या भिंतीच आमच्यावर आल्या. आपल्या आणि शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. बावन्न गावे नव्या जागी उठवून बसवावी लागली. मृतांची नावे या स्मरणिकेच्या पहिल्या अंकापासून आपण वाचत आलो आहोत. ती येथे पुन्हा देत नाही.

चांदीविषयीच सांगायचे म्हणून सांगते. ज्या भिंतीत आपण ठेव सुरक्षित म्हणून ठेवत होतो तीच भिंत कोसळली, तेव्हा ठेव कोठे आहे हे सांगणारे माणूसही पुष्कळ घरांत तिच्याखालीच गेले. बळदातला डबा कोठे आहे हे फक्त बाईला ठाऊक. तो तिचा हक्कही होता आणि तिची कैदही. आमच्या घरी आत्याबाई गेल्या, थोरली जाऊ गेली. जावेची ओळख पटली ती जोडव्यांवरून. माझ्याच हाताने मी ती ओळखली, म्हणून लिहिते.

पुढे ढिगारा उपसताना आमच्या जागेत तीन वस्तू निघाल्या. आत्याबाईंचे वाळे, चेपलेले, पण त्यांचेच. त्यावरच्या मोराची मान सोनाराने तिरकी केली होती आणि त्या नेहमी त्याला नावे ठेवीत. दुसरी, रुपयांची पिशवी. तिसरी, लगड. वाळ्यांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही; ते बाईचे, ते लेकीकडे गेले. पिशवीवरून दोन घरांत बोलाचाली झाली, कारण भिंत सामाईक होती आणि राणीचा मुखवटा सर्व घरांतून सारखाच. लगडीवरून तर भाऊबंदकी उभी राहिली. ती कोणाच्या नावाची? घराची, म्हणजे पुरुषांची, असे ठरून तिचे तुकडे झाले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने बाईच्या मालकीची वस्तू पूर्णपणे तिची, हे मी तेव्हाही जाणत होते. शाळेत शिकवीत होते. पण आत्याबाईंनी ती आपल्या माहेरच्या पैशातून घेतली होती याला पुरावा काय? कागद नव्हता. तोंडी सांगणारी त्या पहाटे गेली होती.

दागिना हा धातू म्हणून वाईट सौदा. घडणावळ जाते, डाग धरतात, टंच कमी असतो. हे सर्व खरे असूनही त्या दिवशी एकट्या दागिन्याला स्वतःचे नाव होते. वीट आणि नाणे मुकी असतात. त्यांना बोलते करायचे तर कागद लागतो. सराफाच्या छापील पावतीवर बाईचे स्वतःचे नाव, वजन, टंच आणि तारीख, एवढे चार शब्द त्या लगडीबरोबर, पण दुसऱ्या जागी, असते तर आमच्या घरातली एक बोलाचाल वाचली असती आणि दोन भावांचे तोंड दहा वर्षे बंद राहिले नसते.

भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले. सिमेंट किती, सळई किती, हप्ता कधी, हे बायका ग्रामसभेत विचारू लागल्या. नंतर बचत गट आले, बँकेत बाईच्या नावाचे पुस्तक आले. आपल्यातील पुष्कळ जणींनी पहिली सही तेव्हा केली. भिशीच्या चांदीचा विचार करताना ही सही विसरून चालणार नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे. वीट की नाणे? माझे मत मागितले आहे म्हणून सांगते. मंडळाने मानावेच असे नाही.

किलोची वीट भिशीला उपयोगाची नाही. ग्रॅममागे ती थोडी स्वस्त पडते हे खरे, पण बारा जणींत एक वीट म्हणजे एकीला अडचण आली की बाराही जणींना ती मोडावी लागणार. दहा, वीस, पन्नास ग्रॅमचे तुकडे किंवा नाणी घ्यावीत, ९९९ टंचाची, मोहोरबंद पाकिटातली. पाकीट कौतुकाने फोडू नये. धनत्रयोदशीला लक्ष्मीचे चित्र असलेल्या नाण्यावर दुकानदार बराच जास्त आकार घेतात, चित्राला नमस्कार करावा, आकार विचारावा आणि त्याच दुकानदाराला घेण्यापूर्वीच विचारावे, "परत आणली तर काय भाव द्याल?" या प्रश्नाचे उत्तर जो चटकन देत नाही त्याच्याकडून घेऊ नये. खरेदीवर शेकडा तीन वस्तू-सेवा कर लागतो, तो मोडताना परत मिळत नाही. म्हणजे घेतल्या दिवशीच आपण तीन-चार पावले मागे असतो. वर्ष-दोन वर्षांत लागणारे पैसे चांदीत घालणे म्हणून शहाणपणाचे नाही. मुलीची फी चांदीत ठेवू नका.

दुसरे, कर्जाचे. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या जूनमध्ये सोने-चांदी तारणाचे नवे नियम काढले आणि ते १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करण्यास बँकांना सांगितले. त्यांप्रमाणे चांदीच्या दागिन्यांवर दहा किलोपर्यंत आणि नाण्यांवर पाचशे ग्रॅमपर्यंत कर्ज देता येते, विटेवर नाही. लहान कर्जाला, म्हणजे अडीच लाखांपर्यंत, किमतीच्या शेकडा पंचाऐंशीपर्यंत मर्यादा आहे. पहा, १८९३ साली जसे झाले तसेच हे: धातू एकच, पण सरकारच्या नियमाने एका रूपाला दार उघडे आणि दुसऱ्याला बंद. पेरणीच्या तोंडावर न विकता पैसे उभे करायचे असतील तर हा फरक लहान नाही. नाणे मात्र बँक घेईल का, हे आपल्या शाखेत आधी विचारून ठेवावे.

तिसरे, जुन्या राणीछाप रुपयांचे. गावात फेरीवाले ते विकायला आणतात. त्यांतील पुष्कळ ओतीव आणि खोटे असतात. वजन ११.६६ ग्रॅमच्या जवळ भरले नाही, लोहचुंबकाला चिकटले, किंवा अक्षरे साबणासारखी गुळगुळीत दिसली तर हातात धरू नये. आणि घरचा खरा जुना रुपया असेल तर तो चिंच लावून घासू नका. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाने. तिने वजन घटत नाही. घासल्याने मात्र हौशी गिऱ्हाईक निघून जाते.

चांदीच्या दागिन्यांवरील शिक्क्याबरोबर सहा अक्षरांकांचा ओळखक्रमांक घालण्याची पद्धत १ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाली आहे, पण अजून सक्तीची नाही. म्हणून तो मागावा लागतो. मागायला संकोच वाटू नये.

ठेवण्याविषयी कोपऱ्यातल्या त्या भगिनी बोलल्याच आहेत. बँकेत लॉकर घ्यावा, तो दोन जणींच्या नावे असावा, आणि पावत्यांची एक प्रत मंडळाच्या दप्तरात व एक प्रत्येकीच्या माहेरी ठेवावी. माहेरी का, असे चिटणीसबाईंनी हसून विचारले. माझी थोरली जाऊ असती तर तिने उत्तर दिले असते.

वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात मी आमच्या पिशवीतले माझ्या वाट्याचे अकरा रुपये टेबलावर मांडणार आहे. त्यांत चार राणीचे, दोन पाचव्या जॉर्जचे, तीन १९४० नंतरचे अर्ध्या चांदीचे, एक चारमिनारचा आणि एक वाघाचा निकेलचा आहे. तराजू शाळेच्या प्रयोगशाळेतून आणवला आहे. भगिनींनी आपापल्या घरची नाणी रुमालात बांधून आणावीत. सन वाचून, वजन करून, चिठ्ठीवर नाव घालून परत देऊ. चार वाजता सुरुवात करू, म्हणजे ज्यांना जनावरे सोडायची आहेत त्यांना वेळेवर जाता येईल.